काय-अडलं बाई

शाळेतल्या मुलांनी एखाद्या शिक्षकाला एकदा टोपणनाव चिकटवलं की ते निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत सुटत नाही. खरं नाव उरतं ते फक्त कचेरीपुरतं आणि पगारपत्रकापुरतं. गणिताच्या या बाईंना सुरुवातीची बरीच वर्षं टोपणनावच नव्हतं, आणि याचं त्यांना आतून थोडं वाईटही वाटायचं. पीटीच्या सरांना 'शिट्टी', चित्रकलेच्या बाईंना 'रंगपेटी', आणि आपण मात्र नुसत्या 'गणिताच्या बाई'. म्हणजे आपल्यात हसण्यासारखंसुद्धा काही नाही की काय? पण पुढे नाव मिळालं, आणि असं मिळालं की ज्यांना त्या शिकवतही नव्हत्या ती चिल्लीपिल्लीही जिन्यात त्यांना पाहून एकमेकांना कोपरानं ढोसायची आणि कुजबुजायची, "ए, काय-अडलं बाई आल्या!"

कारण अगदी सरळ होतं. तास संपायला थोडा वेळ उरला की बाई खडू खाली ठेवायच्या, फळ्याचा उजवा कोपरा पुसायच्या आणि तिथे दोन प्रश्न लिहायच्या : आज काय पटलं? आज काय अडलं? मुलांनी पाठकोऱ्या कागदाच्या चिठोऱ्यावर दोन-तीन ओळी खरडायच्या, नाव घालायचं नाही, आणि जाता जाता ती चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशीचा तास सुरू व्हायचा तो पुस्तकातून नाही, त्या डब्यातून. ज्याची चिठ्ठी निघेल तो मनातल्या मनात खूश आणि बाहेरून साळसूद.

हे खूळ बाईंच्या डोक्यात शिरलं ते गाडी शिकताना. चाळिशी उलटल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. मास्तर भला माणूस. क्लच, ब्रेक, गिअर सगळं हातवारे करकरून समजावायचा आणि प्रत्येक वाक्याला विचारायचा, "समजलं ना मॅडम?" बाई म्हणायच्या, "समजलं." मागच्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या दोन मुली तोपर्यंत जांभया द्यायला लागलेल्या. एके दिवशी मास्तरनं गाडी मागे कशी घ्यायची ते सांगितलं, "समजलं ना?" विचारलं, बाईंनी "हो" म्हटलं, आणि गाडी जी मागे गेली ती थेट ड्रायव्हिंग स्कूलच्याच पाटीवर जाऊन आदळली. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे खात्रीने शिकवले जाते.'

"अहो मॅडम, तुम्हीच म्हणालात ना समजलं म्हणून?" मास्तर जवळजवळ रडकुंडीला आला.

"म्हणाले खरी," बाई म्हणाल्या.

घरी चालत येताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. आपण हो का म्हटलं? मास्तरनं एवढं जीव तोडून सांगितलं, त्याला नाही कसं म्हणायचं? मागच्या मुलींचा खोळंबा कशाला? आणि खरं सांगायचं तर नेमकं काय समजलं नाही हेच समजलं नव्हतं, मग नाही तरी काय म्हणून म्हणणार? इथवर विचार आला आणि बाई भर रस्त्यात थबकल्या. आपणही गेली कित्येक वर्षं रोज, प्रत्येक वर्गात, फळ्याकडे पाठ करून विचारतोय, "समजलं का?" आणि पोरं छत उडेल अशा आवाजात म्हणतायत, "हो!" एका फुटक्या पाटीचं काय घेऊन बसलात, इथे तर वर्गच्या वर्ग आदळले असतील.

तेव्हापासून त्या चिठ्ठ्या. पहिले काही दिवस मुलांनी 'सगळं पटलं, काही अडलं नाही, आपली आज्ञाधारक' असल्या ओळी लिहिल्या. मग एकानं धीर केला आणि लिहिलं, "फळ्यावर समजतं, घरी जाईपर्यंत उतरतं." बाईंनी ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवली आणि विचारलं, "आणखी कोणाकोणाचं उतरतं?" निम्मा वर्ग हात वर करून बसला. मग काय, बांधच फुटला. "उदाहरण पुस्तकातलं असलं की येतं, परीक्षेतलं असलं की येत नाही." "आज मी खिडकीबाहेर बघत होतो, त्यामुळे काही अडलं नाही." आणि बाईंची सगळ्यांत लाडकी चिठ्ठी : "ऋण गुणिले ऋण धन होतं हे मला मान्य आहे, पण पटत नाही."

चिठ्ठीवर नाव नसलं तरी बाई अक्षरावरून माणूस ओळखायच्या. मान्य असून न पटणारी ही मुलगी म्हणजे वर्गातली 'वकील'. काळी दोरी लावलेला चष्मा, दोन घट्ट वेण्या, आणि कुठल्याही वाक्यानंतर "पण बाई". घरीही ती असाच उलटतपास घेत असणार, बिचारे आईबाप.

संध्याकाळी बाई तो डबा घरी आणायच्या. त्यांच्या यजमानांचा फोटो स्टुडिओ होता, घराच्याच खाली. दिवसभर लोकांना "हनुवटी जरा खाली, हं, हसा" करून ते वर यायचे, बाई चहा टाकायच्या आणि दोघं मिळून चिठ्ठ्या वाचायचे. यजमानांना गणिताचा गंध नव्हता, पण चिठ्ठ्यांचा नाद जबरदस्त.

"हे वाच, हे वाच," ते म्हणायचे. "'क्ष ची किंमत दर वेळी वेगळी का असते, त्याला एकदा काय ते ठरवायला सांगा.' अगं, हे पोर पुढे मोठं होणार."

"आधी नववी तर पास होऊ दे."

मुलगी लग्न होऊन दूर गेली होती, घरात दोघंच. पण त्या डब्यामुळे घरात रोज चाळीसएक पोरांचा गलका असल्यासारखं वाटायचं. बाई सुखी होत्या, आणि आपण सुखी आहोत हे त्यांना ठाऊकही होतं. हे दुसरं जरा दुर्मीळच.

आता या सुखाला एकच खोट होती. पोर्शन. आदल्या दिवशीचं अडलेलं सोडवायचं म्हणजे आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. बाकीच्या तुकड्या अवयव पाडायला लागल्या तरी बाईंची नववी अजून कंसातच अडकलेली. शेजारच्या तुकडीला शिकवणारे सर तर बाईंच्या बरोब्बर उलट. त्यांना मुलं 'एक्सप्रेस' म्हणायची. तरणेबांड, अक्षर छापल्यासारखं, बोलणं घडघड, आणि पोर्शन सगळ्या शाळेत सगळ्यांत आधी पुरा. माणूस वाईट नव्हता, चांगलाच होता. पण थांबणं म्हणून त्याच्या स्वभावात नव्हतं.

एक दिवस मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. तेही तसे जुने, बाईंच्याच बरोबरीचे, पण त्या खुर्चीत बसल्यापासून पालकसभेचा त्यांनी भलताच धसका घेतला होता.

"बाई, तुमचं शिकवणं चांगलं आहे, यात वादच नाही," त्यांनी सुरुवात केली. अशी सुरुवात झाली की पुढे काही बरं येत नाही हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. "पण पालक विचारतात हो. त्या तुकडीचे दोन धडे जास्त झाले, आमच्या पोरांचे का नाही? सहामाहीपर्यंत तुम्ही पोर्शन गाठा. नाही गाठलात, तर मला नववी एक्सप्रेस सरांकडे द्यावी लागेल. म्हणजे, आपलं, त्या सरांकडे."

ही नववी त्यांच्याकडे सहावीपासून होती. अपूर्णांकाला भिणारी, बोटांवर मोजणारी ती चिमुरडी आता ऋण संख्यांशी भांडण्याइतकी मोठी झाली होती. त्यांना दहावीच्या परीक्षेपर्यंत आपणच न्यायचं, असं बाईंनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. दुसरं त्यांनी शाळेकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"गाठते," त्या म्हणाल्या.

आणि नवल म्हणजे त्यांनी खरंच गाठायला घेतलं. कारण त्याच आठवड्यापासून मुलांना भराभर समजायला लागलं. डबा उघडावा तर चिठ्ठीमागून चिठ्ठी, "पटलं. काही अडलं नाही." रोज दोघा-तिघांना काहीतरी बारीकसारीक अडलेलं असायचं, तेही असं की एका वाक्यात निकालात निघावं. "अधिकचं चिन्ह कंसाबाहेर असलं तर कंस तसाच सुटतो का?" हो, सुटतो. चला पुढे. बाई अशा सुसाट निघाल्या की स्टाफरूममध्ये रंगपेटी बाईंनी त्यांना चिमटा काढला, "काय हो, तुम्हांलाही एक्सप्रेसचं इंजिन लागलं वाटतं!" बाई हसल्या. मनातून फुलल्याच होत्या. एवढी वर्षं सवय लावली, तिचं चीज झालं. आता पोरांना पहिल्या फटक्यात समजतंय. मुख्याध्यापक जिन्यात भेटले तर आपण होऊन म्हणाले, "वा, बाई!"

घरी यजमान मात्र चिठ्ठ्या वाचायला कंटाळा करायला लागले.

"हल्ली मजा नाही येत गं," कप खाली ठेवत ते एकदा म्हणाले. "सगळ्या चिठ्ठ्या पासपोर्ट फोटोसारख्या. एकसारख्या."

"समजतंय त्यांना, तर तुमचं का पोट दुखतंय?" बाई फणकारल्या. "अडायलाच पाहिजे का रोज?"

"तसं नाही. पण तुझ्या त्या वकिलालाही सगळं पटतंय? ऋण गुणिले ऋणसुद्धा पटलं असेल मग तिला."

बाईंनी कपबश्या जरा जास्तच आवाज करत उचलल्या. माणसाला बरं वाटत असलं की असली वाक्यं कानाला चावतात.

पण वाक्य कानात राहिलंच. दुसऱ्या दिवशी अवयवांचं एक उदाहरण सोडवताना मध्येच जुना विस्तार लागत होता, तो बाई एरवी स्वतःच लिहून मोकळ्या झाल्या असत्या. आज त्यांनी खडू वकिलापुढे धरला. "ये गं. अ अधिक ब, कंसाचा वर्ग. तेवढं लिही, म्हणजे पुढे जाऊ."

वकील उठली. वेण्या मागे टाकल्या आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग. एवढंच.

बाईंनी वर्गाकडे वळून विचारलं, "बरोबर?"

"हो!" छत उडेल असा आवाज.

बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या. मग सावकाश म्हणाल्या, "अ म्हणजे दोन घे. ब म्हणजे तीन. दोन अधिक तीन?"

"पाच."

"पाचाचा वर्ग?"

"पंचवीस."

"आता तू लिहिलंस त्यात घाल."

चार लिहिले, नऊ लिहिले, खाली तेरा लिहिले. वकिलाचा हात तेरावरच थांबला. सगळा वर्ग एकदा पंचवीसकडे बघतोय, एकदा तेराकडे. शेवटच्या बाकावरून कोणीतरी अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "बाई, बारा कुठे गेले?"

एरवी बाई या वाक्याला पोट धरून हसल्या असत्या. पण हा धडा होऊन महिना उलटला होता. त्याच्यावर पुढचे दोन धडे उभे केले होते. आणि त्या धड्याच्या दिवशी डब्यात एकजात 'पटलं' होतं.

"हे तुम्हांला कधी समजलंच नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

सगळे वकिलाकडे बघायला लागले. शेवटी तिनंच तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वाक्यात 'पण' नव्हता.

"बाई, मी हजेरीपट द्यायला गेले होते तेव्हा मुख्याध्यापक सर तुम्हांला म्हणत होते ते ऐकलं. पोर्शन झाला नाही तर तुम्हांला काढणार आमच्या वर्गावरून. मग आम्ही सायकल स्टँडमध्ये मीटिंग घेतली. ठरवलं की काही अडलंय असं लिहायचंच नाही."

"पण रोज कोणाला तरी काहीतरी अडत होतं की," बाई म्हणाल्या.

"ते पाळीनं, बाई." आता सगळेच एकदम बोलायला लागले. "हजेरीच्या क्रमांकानं! रोज तिघांनी! एकदम कोणालाच अडलं नाही तर तुम्हांला संशय आला असता ना! आणि ज्याची पाळी त्यानं सोपंच विचारायचं, ज्याचं उत्तर सगळ्यांना येतं असं. म्हणजे तुमचा वेळ जायला नको!"

बाई खिडकीकडे वळल्या. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि या दोन्ही गोष्टी एका चेहऱ्यावर मुलांना दाखवायच्या कशा हे काही त्यांना सुचेना. केवढं हे नियोजन! एवढं डोकं कंसाच्या वर्गात घातलं असतं तर? आणि केवढी ही माया. कोणी आपल्यासाठी इतकं खोटं बोललं नव्हतं. रागही आला होता, पण तो मुलांचा नाही. सगळं आलबेल आहे असं डबा रोज सांगत होता, आणि ते आपल्याला हवं होतं म्हणून आपण विचारलं नाही की बाबांनो, एकाएकी एवढे हुशार कसे झालात?

"ऐका," त्या वळून म्हणाल्या. "मला या वर्गावर राहायचंय. फार राहायचंय. म्हणून तुमच्या चिठ्ठ्या मला गोड लागत होत्या. चूक माझी आधी आणि तुमची नंतर. आता आजचा राहिलेला सगळा तास चिठ्ठीला. कंस सुरू झाल्यापासून जे जे अडलं असेल ते सगळं लिहा. कागद पुरला नाही तर माझ्याकडून घ्या."

"पण बाई, मग पोर्शन?" वकील मूळपदावर आली होती.

"ते माझं मी बघते. तू लिही."

त्या संध्याकाळी डब्याचं झाकण लागेना. यजमान आणि बाई दोघंही चहा विसरले. "कंस आले तेव्हापासून मला काही म्हणजे काहीच समजलेलं नाही, पण तासाला बसायला आवडतं." "बाई, माझी पाळी होती त्या दिवशी मला खरंच एक गोष्ट अडली होती, पण ती अवघड होती म्हणून लिहिली नाही. आता लिहितो." आणि खाली सव्वा पान. वकिलाच्या चिठ्ठीत फक्त, "बारा सापडले. पण ते तिथे का आहेत?" यजमानांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "हं. आता कसं माणसांचे फोटो वाटतायत."

दुसऱ्या दिवशी बाई आपण होऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. सायकल स्टँड, हजेरीचा क्रमांक, तेरा आणि पंचवीस. मी वर्ग पुन्हा कंसावर आणतेय, सहामाहीपर्यंत पोर्शन होणार नाही, हेही सांगून टाकलं.

मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. "बाई, तुम्ही हे मला सांगितलंच नसतंत तर?"

"मग मीही पाळीनंच लिहिल्यासारखं झालं असतं."

ते हसले, पण हसण्यानं काही बदललं नाही. पालकांना त्यांनी शब्द दिलेला होता. सहामाही झाली आणि नववी गेली. बाईंच्या वाट्याला सहावी आली. शेवटच्या दिवशी वर्गात काय बोलायचं ते बाईंनी रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं, पण फळ्यासमोर उभ्या राहिल्यावर त्यातलं काही आठवेना. "सरांचं अक्षर फार सुंदर आहे," एवढंच त्या म्हणाल्या. "नीट उतरवून घ्या." आणि निघाल्या. जिन्यात त्यांना रडू आलं. पदर डोळ्यांना लावून त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. शिट्टी सर समोरून येत होते, ते समजून उमजून उलट्या पावली वर गेले.

सहावीनं मात्र त्यांना फार दिवस दुःख करू दिलं नाही. सहावी म्हणजे शुद्ध आनंद. "आज अपूर्णांक पटले, अर्धे." "बाई, छेद खालीच का, वर का नाही, त्याला कमी समजतात का?" डबा पुन्हा घरी जाऊ लागला, यजमान पुन्हा "हे वाच, हे वाच" करू लागले. नववीच्या मजल्यावर जायचं मात्र बाई टाळायच्या. उगाच कशाला खपली काढा.

अशात एक दिवस मधल्या सुट्टीत एक्सप्रेस सर त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"बाई, तुमची पोरं ऐकत नाहीत हो."

"आता तुमची आहेत."

"तास झाला तरी उठत नाहीत. ती चष्मेवाली उभी राहते आणि म्हणते, सर, तुम्ही अजून विचारलं नाहीत. काय विचारायचं? तर म्हणे काय अडलं ते. मी पहिल्या दिवशी हसून सोडून दिलं. तर त्यांनी आपणच लिहिलं आणि माझ्या टेबलावर ठेवून गेली. रोज ठेवतायत. मी वाचतच नव्हतो." त्यांनी खिशात हात घातला आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्यांचा एक पुंजका टेबलावर ठेवला. "काल वाचल्या."

त्यातली एक त्यांनी सरळ करून बाईंपुढे सरकवली. "सर, तुमचं अक्षर इतकं छान आहे की उतरवताना बरं वाटतं. पण मी फक्त उतरवतो."

खरं सांगायचं तर वाचताना बाईंच्या मनात आनंदाची एक छोटीशी उकळी फुटली. पोरं आपली ती आपलीच! पण सरांचा चेहरा पाहिला आणि ती उकळी जागच्या जागी बसली. त्या चेहऱ्याचा माणूस त्यांनी पूर्वी पाहिला होता, स्वतःच्याच आरशात.

"मी इतकी वर्षं विचारतोय, समजलं का म्हणून," एक्सप्रेस सर हळू आवाजात म्हणाले. "सगळे हो म्हणायचे. ते सगळे नुसतं उतरवत होते का हो?"

"सगळे नाही," बाई म्हणाल्या. "पण कोण ते आता कळायचं नाही. माझ्यातले कोण, तेही मला कळायचं नाही. बसा. आधी यांचं बघू."

मग दोघांनी डोक्याला डोकं लावून चिठ्ठ्या लावल्या. कुठली आधी घ्यायची, कुठली घेतली की बाकीच्या चार आपोआप सुटतात, हे बाईंनी सांगितलं. सरांनी भराभर लिहून घेतलं, मग स्वतःच थांबले, लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, "हे पुन्हा सांगा. मला समजलं नाही." बाईंनी पुन्हा सांगितलं, आणि तेव्हापासून सुट्टी झाली की सर डबा घेऊन, म्हणजे जेवणाचाही आणि चिठ्ठ्यांचाही, बाईंच्या टेबलावर यायला लागले.

वर्ष संपायला आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी बाईंना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी सुरुवात गोड केली नाही, कपाळाला हात लावूनच बसले होते.

"बाई, तुम्ही जादू केलीत का काय? एक्सप्रेस सरांचा पोर्शन मागे पडलाय. त्यांचा! पालक पुन्हा माझ्या मानगुटीवर. आता त्यांनाही मागे पडायचंच असेल तर मी तुमच्याकडून वर्ग काढला कशाला?" त्यांनी समोरचं वेळापत्रक बाईंकडे फिरवलं. "पुढच्या वर्षी ती मुलं दहावीत. निकाल महत्त्वाचा. तुम्ही घ्या परत. मी आज लिहून टाकतो."

बाई वेळापत्रकाकडे बघत राहिल्या. दहावीच्या रांगेत गणिताचा चौकोन रिकामा होता. वकिलाला दहावीत शिकवायचं, तिचे सगळे 'पण' अंगावर घ्यायचे, परीक्षेच्या दिवशी फाटकाशी उभं राहायचं. हेच तर हवं होतं. एक शब्द बोलायचा होता.

"त्यांच्याकडेच राहू दे," त्या म्हणाल्या.

"तुम्हांला नको?"

"हवी आहे हो. हवी कशी नाही?" बाई म्हणाल्या. "पण ते आत्ता कुठे विचारायला लागलेत. पोर्शन मागे पडला म्हणून तुम्ही वर्ग काढून घेतलात, की ते पुन्हा आयुष्यात कोणाला काही विचारायचे नाहीत. माझ्यामागे दोन-चार वर्षं उरलीत. त्यांच्यापुढे अजून किती वर्ग यायचेत, बघा."

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी वेळापत्रक आपल्याकडे ओढलं आणि त्या चौकोनात एक्सप्रेस सरांचं नाव घातलं. "आणि पालकांना काय सांगू?"

"सांगा की गणित चालू आहे."

बाहेर आल्यावर बाई मुद्दाम नववीच्या मजल्यावरून गेल्या. खिडकीतून दिसलं, एक्सप्रेस सर फळ्याचा कोपरा पुसून त्या छापील अक्षरात दोन प्रश्न लिहीत होते. वर्ग खाली मान घालून बसला होता. वाईट वाटलं, आणि बरं वाटलं. आता बरं जास्त वाटत होतं. वकिलानं मान वर केली, बाई दिसल्या, तशी ती एवढं मोठं हसली, हात हलवला, आणि पुन्हा लिहायला लागली. बाईंनी पदर सावरला आणि पावलं उचलली. सहावीचा तास सुरू झाला होता.